नारळ, बांगडा, मीठ आणि आपलं हृदय: घरात काय बदलायचं आणि कोणत्या क्रमाने

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका रात्री आमच्या ह्यांच्या छातीत जळजळायला लागलं. वय ४७. संध्याकाळी मिरची भजी खाल्लेली होती, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की ॲसिडिटी आहे, गोळी दिली, थंड दूध दिलं, पाठ चोळली आणि चार तास घालवले. पहाटे दरदरून घाम फुटला, डावा हात जड झाला, तेव्हा कुठे १०८ ला फोन केला. जीव वाचला, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसला, पण ते चार तास मी कधी विसरणार नाही, कारण तेवढ्या वेळात हृदयाचा जो स्नायू गेला तो परत येत नाही.

डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी होती आणि खाली एक ओळ: लाइफस्टाइल बदला. बस. आता गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका घरात, जिथे रोज नारळ फुटतो, रोज मासळी येते, सकाळी पोदेर (पाववाला) दारात भोंगा वाजवतो, तिथे त्या एका ओळीचा अर्थ काय लावायचा? मी डॉक्टर नाही, पण तीन वर्षं डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना विचारत, चुकत, मोजत जे जमलं ते इथे क्रमाने लिहितेय. ज्यांच्या घरी अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी तर हे जास्तच लिहितेय.

सगळ्यात आधी आमची मोठी चूक सांगते. पहिले दोन महिने आम्ही 'पेशंटचं वेगळं जेवण' केलं. त्यांच्यासाठी उकडलेली भाजी, बिनमिठाची डाळ, आणि बाकीच्यांसाठी नेहमीचं हुमण (नारळाच्या वाटणाची मासळीची आमटी) आणि रव्यात तळलेला बांगडा. एकाच टेबलावर! दोन महिन्यांत माणूस इतका कंटाळला की बाहेर गाड्यावर जाऊन खायला लागला. मग सासूबाईच म्हणाल्या, "त्याचं एकट्याचं ताट बदलून काय उपयोग, चूल एकच आहे ना, चूलच बदलूया." तिथून खरी सुरुवात झाली. म्हणून खाली जे आहे ते सगळं पूर्ण घरासाठी आहे, पोरांसकट.

पहिलं काम: मोजा, मगच काय ते बदला

लोक थेट डाएटवर उडी मारतात. आधी आकडे हातात घ्या. २००४ मध्ये इंटरहार्ट नावाचा अभ्यास आला होता, ५२ देशांतल्या लोकांवर, त्यात दिसलं की पहिल्या हार्ट अटॅकचा ९० टक्क्यांच्या आसपास धोका फक्त नऊ गोष्टींशी जोडलेला आहे: तंबाखू, कोलेस्टेरॉलची गडबड, बीपी, डायबेटिस, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, हालचाल नसणं आणि दारू. म्हणजे बहुतेक गोष्टी आपण मोजू शकतो किंवा बदलू शकतो. त्याच अभ्यासात हेही दिसलं की आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येतो तेव्हाचं मधलं वय ५३ आहे, आणि इतर देशांत साधारण ५९. आपल्याकडे घाई जास्त आहे, म्हणून 'पन्नाशीनंतर बघू' हा हिशोब आपल्याला परवडत नाही. तिशीतच एकदा सगळं तपासा, आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल तर आणखी आधी.

बीपी घरी मोजायचं तर मशीन दंडाला गुंडाळायचं घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पाच मिनिटं गप्प बसा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, आणि मोजताना बोलायचं नाही (आमच्याकडे ह्याच मिनिटाला सगळ्यांना गोष्टी आठवायच्या). एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर डॉक्टरांकडे जा, 'टेन्शनमुळे वाढलं असेल' म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात मोजलेलं १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार येत असेल तर तो हाय बीपी. आणि हाय बीपीला बहुतेक वेळा काहीच लक्षण नसतं, डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही असं अजिबात नाही.

साखर. गोव्यात राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब अभ्यासाचे देशभराचे आकडे आले, त्यात डायबेटिसचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सगळ्यात जास्त निघालं, २६.४ टक्के. दर चार मोठ्या माणसांमागे एकाहून जास्त! उपाशीपोटी साखर १०० च्या खाली हवी, १२६ किंवा वर म्हणजे डायबेटिस. एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.७ च्या खाली चांगलं, ६.५ पासून पुढे डायबेटिस, मधला टप्पा म्हणजे धोक्याची घंटा, आणि ह्या मधल्या टप्प्यावरच माणूस सगळ्यात जास्त काही करू शकतो.

लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करा, त्यात एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल बघा. ज्यांना आधीच अटॅक आलाय त्यांचं एलडीएल ७० च्या खाली, बऱ्याचदा ५५ च्या खाली आणायला डॉक्टर सांगतात, इतरांचं लक्ष्य त्यांच्या धोक्यानुसार ठरतं. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन ए (कोलेस्टेरॉलचीच एक जात) ची टेस्ट पण विचारा, ते वारशाने येतं आणि खाण्यापिण्याने फारसं बदलत नाही, पण जास्त असेल तर बाकी सगळं आणखी कडक सांभाळावं लागतं.

शेवटचं, शिवणाची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८० च्या वर गेलं की पोटावरची चरबी धोक्याची. वजनकाट्यापेक्षा मला ही टेप जास्त खरी वाटते, कारण आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे अशी माणसं खूप, आणि ती 'मी कुठे जाडा आहे' म्हणत निवांत असतात.

हे सगळे आकडे एका वहीत तारखेसह लिहा. आमची वही फ्रिजवर असते.

मीठ: इथेच सगळ्यात जास्त फरक पडला

जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात सगळं आलं, लोणचं, पापड, पाव, फरसाण, सुकी मासळी. आता रोज कोण मोजणार? मी एक साधा उपाय केला. मिठाचं १ किलोचं पाकीट फोडलं की त्यावर पेनाने तारीख लिहायची. आम्ही चौघं. ५ ग्रॅमच्या हिशोबाने दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे पाकीट ५० दिवस. पण बाहेरचं आणि लोणच्याचं मीठ वेगळंच पोटात जातं, म्हणून पाकीट दोन महिन्यांच्या वर पुरलं तरच ठीक. आमचं पहिलं पाकीट २९ दिवसांत संपलं होतं. मी तारीख दोनदा बघितली.

मग कमी कसं केलं? एकदम नाही. दर आठवड्याला थोडं थोडं. जिभेला सवय व्हायला तीन-चार आठवडे लागतात, त्यानंतर जुनं खारट जेवण खाल्लं तर तेच विचित्र लागतं. आणि आपल्याकडे देवाने एक मोठी सोय करून ठेवलीय, आंबट. सोलं (कोकम), चिंच, कैरी, बिंबल, लिंबू. आंबट चढवलं की मीठ कमी असल्याचं कळत नाही. बांगड्याच्या उड्डमेथीत (उडीद-मेथीच्या वाटणाच्या आमटीत) तिरफळं आणि सोलं नीट पडली तर मीठ निम्म्यावर आणलं तरी कुणी तक्रार करत नाही, आमच्या सासऱ्यांनीसुद्धा केली नाही आणि ते कशाचीही तक्रार करणारे आहेत. भाताला शिजवताना मीठ घालत असाल तर ते आजच बंद करा, हुमणाबरोबर ते लागतच नाही. टेबलावरचं मिठाचं भांडं उचलून कपाटात ठेवा.

खरा चोर आहे पेज. नाही, पेज चांगली, पण पेजेबरोबर जे येतं ते. मिठातलं तोर (खारवलेली कैरी), सुका बांगडा भाजून, पापड. सकाळी ११ ला पेज जेवतानाच अर्ध्या दिवसाचं मीठ संपतं. आम्ही पेजेबरोबर आता मुगाची सुकी उसळ नाहीतर कांदा आणि भाजलेली मिरची घेतो, तोर आठवड्यातून एकदा, धुऊन, एक फोड.

आणि पावसाळा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी आणि महाग, म्हणून मे महिन्यात पुरुमेंताला (पावसाळ्याच्या साठवणीला) सुंगटं (कोळंबी), बांगडे, दोडयारे सुकवलेले भरून ठेवायची आपली जुनी रीत. किसमूर (सुकी मासळी आणि खोबऱ्याची कोशिंबीर) कुणाला आवडत नाही. पण बीपी असणाऱ्या घरात हे दोन महिने रोज किसमूर म्हणजे बीपीला आमंत्रणच. सुकी मासळी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी दोनदा बदला, मग वापरा, वरून मीठ घालूच नका, आणि आठवड्यातून एकदाच. गोव्याचे चोरीस (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) आवडणाऱ्यांनाही हेच, त्यात मीठ आणि चरबी दोन्ही भरपूर, सणासुदीला दोन तुकडे इतकंच.

पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. सोडियम गुणिले अडीच म्हणजे मीठ. १ ग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, त्याने बीपी कमी व्हायला मदत होते, पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

नारळ आणि तेल

ह्या विषयावर आमच्या घरी सगळ्यात जास्त भांडणं झाली म्हणून जरा सविस्तर. नारळ विष नाही. पण हिशोब करून बघा. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम चरबी, त्यातली ३० ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड, म्हणजे एलडीएल वाढवणारी जात. एका नारळात ३०० ग्रॅम खोबरं धरा, चौघांत वाटलं तर प्रत्येकाच्या पोटात २२ ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड चरबी. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाची वरची मर्यादा साधारण तेवढीच आहे, आणि हृदयाच्या पेशंटला त्याहून कमी, १५ च्या आसपास. म्हणजे एका नारळात दिवसाचा कोटा संपला, अजून दूध, तूप, तळण सगळं बाकी.

सासूबाईंनी हा हिशोब ऐकून घेतला, गप्प बसल्या, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या अर्धा नारळ घालून बघूया. अर्ध्या नारळाचं हुमण दाट करायला त्या आता एक चमचा भिजवलेले तांदूळ वाटणात घालतात, कधी भाजलेला कांदा वाढवतात. जमतं. आठवड्यातले दोन दिवस बिननारळाचे: फुटी कढी (कोकमाची, नारळाशिवाय), मुगाची उसळ, टोमॅटोचं सार. खोबरेल तेलात जेवण करत असाल तर ते मात्र बंद करा, त्यात सॅच्युरेटेड चरबी ८० टक्क्यांच्या वर असते आणि ते एलडीएल वाढवतं हे स्पष्ट आहे. 'आमचे आजोबा खोबरेल खाऊन ९० वर्षं जगले' असं प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं, पण आजोबा शेतात दिवसभर राबायचे, देवळाला चालत जायचे, आणि बेकरीतलं काही खात नव्हते.

तेल शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, राईस ब्रानचं, मोहरीचं, आलटूनपालटून. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे चौघांना दोन लिटर, आणि हेही पाकिटावर तारीख लिहूनच कळतं. एकदा तळलेलं तेल परत तळायला वापरू नका. बांगडा तव्यावर चमचाभर तेलात भाजा, रवा लावला तर बोटभर तेल पितो, मसाला लावून नुसता भाजला तर नाही.

बेकरीतले पॅटीस, खारी, क्रीम रोल. जानेवारी २०२२ पासून तेलातुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आलाय, चांगलं झालं, पण तरी ते मैदा आणि पामतेलच आहे.

ताटात काय कुठे

ताटाची अर्धी जागा भाजी-कोशिंबीर, पाव जागा भात, पाव जागा मासळी किंवा डाळ-कडधान्य. आपल्याकडे उलटं असतं, भाताचा डोंगर आणि भाजी चमच्याभर. आधी भाजी वाढा, मग भात. तांबडी भाजी, भेंडी, काकडी, दोडकं, नीरफणस कमी, वाल, कारलं. दिवसाला ४०० ग्रॅम फळं-भाज्या मिळून, म्हणजे पाच मुठी समजा.

मासळीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. बांगडा, तारले यांच्यात ओमेगा-३ भरपूर आणि ते इस्वण (सुरमई)-पापलेटपेक्षा स्वस्त. आठवड्याला किमान दोन वेळा तेलकट मासळी, तळलेली नव्हे, हुमणातली किंवा भाजलेली. श्रावणात किंवा शाकाहारी घरात मूग, कुळीथ, अळसांदे (चवळी), चणे रोज, आणि जवसाची चटणी. कुळथाची पिठी मला वाटतं आपण उगाच विसरलोय, पंधरा मिनिटांत होते.

भातात उकडा (उकडून काढलेला तांदूळ) घ्या, पॉलिश केलेल्या पांढऱ्यापेक्षा बरा, पण उकडा आहे म्हणून तीन वाट्या चालत नाही. पोदेराकडची पोयी (गोल चपटा पाव) कोंड्याची असेल तर पावापेक्षा चांगली, फक्त हल्ली काही ठिकाणी मैद्याच्याच पोयीवर वरून कोंडा भुरभुरतात, तोडून आतला रंग बघा आणि विचारा. संध्याकाळी भाजी-पाव आणि भजी हा रोजचा चहा असेल तर तो आठवड्यातून एकदा करा, बाकी दिवस भाजलेले चणे, उकडलेले शेंगदाणे, पेरू, मूठभर काजू (बिनमिठाचे, तळलेले नव्हे, आणि मूठ म्हणजे मूठच).

चवथीला काय? नेवऱ्या (करंज्या), मोदक, पातोळ्या, खतखतें. खा. दीड दिवस, पाच दिवस सण आहे, त्याने हृदय बिघडत नाही. बिघडतं ते त्यानंतर डबा भरून पंधरा दिवस चहाबरोबर नेवऱ्या खाल्ल्याने. आम्ही आता निम्म्या करतो आणि उरलेल्या शेजारी-पाहुण्यांना देऊन टाकतो. जत्रेतलं खाजं पण तसंच.

तंबाखू

इथे 'हळूहळू कमी करतो' चालत नाही. दिवसाला एकच सिगरेट ओढणाऱ्याचा हृदयाचा वाढीव धोका हा २० ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो, वीसाव्या भागाइतका नाही. म्हणून दोनवर आणली म्हणून खूश होऊ नका, शून्यावर आणा. बिडी, गुटखा, मशेरी, सगळं त्यातच. सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, इतक्या लवकर फायदा दिसतो.

करायचं कसं: एक तारीख ठरवा, दोन आठवड्यांच्या आतली. त्या दिवशी घरातली, गाडीतली पाकिटं, लायटर, ॲशट्रे बाहेर. तलफ तीन ते पाच मिनिटं असते, मग ओसरते, तेवढा वेळ उठून पाणी प्या, चालायला लागा, कुणाला फोन करा. निकोटिनची गम औषधाच्या दुकानात मिळते, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, लाजू नका. चहाच्या गाड्यावरचे सोबती पहिले दोन महिने टाळा, कारण बहुतेक लोक तिथेच परत सुरू करतात. आणि घरात कुणी ओढत असेल तर धूर बायको-पोरांच्याही रक्तवाहिन्यांत जातो, खिडकीत उभं राहून ओढल्याने सुटका होत नाही.

दारू

गोव्यात हे लिहिलं की लोक रागावतात, तरी लिहिते. 'थोडी हृदयाला चांगली असते' हे डोक्यातून काढा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. दारूने बीपी वाढतं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढतात, हृदयाचे ठोके अनियमित होतात. काजूच्या फेणीत ४० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, ६० मिलीच्या एका पेगात जवळपास २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं. मार्च-एप्रिलमध्ये उर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) हलकी म्हणून पाण्यासारखी पितात, लिंबाचं सोडा घालून, पण हलकी तरी दारूच, आणि सोड्यातली साखर वेगळी. पीत नसाल तर हृदयासाठी म्हणून सुरू करू नका, पीत असाल तर कमी कराल तेवढं बरं, आणि अटॅकनंतर आमच्या ह्यांना डॉक्टरांनी सरळ बंद सांगितली. रोज खूप पिणाऱ्याने मात्र एका दिवसात घरीच बंद करू नये, अंगाला कंप सुटणं, झटके येणं असं होऊ शकतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

चालणं, आणि पावसात काय करायचं

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगाने, म्हणजे दिवसाला अर्धा तास, पाच दिवस. मध्यम वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता येतं पण गाता येत नाही. बाजारात फिरत फिरत, दुकानं बघत चालणं ह्यात धरू नका.

काही वर्षं काहीच केलं नसेल तर पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, दुसऱ्यात पंधरा, असं वाढवत न्या. अटॅक आलेल्यांनी, छातीत दुखणाऱ्यांनी, दम लागणाऱ्यांनी आधी डॉक्टरांकडून किती आणि कसं ते लिहून घ्या. गोव्याच्या उन्हात आठच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. पणजीकर मिरामारला जातात, आम्ही गावातल्या देवळापर्यंत जाऊन येतो, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेने सावली असते.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत चार महिने पाऊस, आणि बहुतेकांचं चालणं तिथेच मरतं. आम्ही दोन वर्षं असंच मारलं. आता घरातच करतो: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीवर हात टेकून पुशअप दहा, जिना चढउतार पाच मिनिटं, सोप्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जलद चालणं दहा मिनिटं, आणि परत सुरुवातीपासून. स्नायूंना ताकद देणारे व्यायाम आठवड्यातून दोन दिवस तसेही हवेतच, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या डंबेल म्हणून चालतात.

रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं ही एक सवय सगळ्यांनी लावा, साखर चढायची कमी होते. दुपारच्या जेवणानंतर आपल्याकडे लगेच आडवं व्हायची पद्धत, वामकुक्षी हवी तर घ्या पण आधी दहा मिनिटं अंगणात. ऑफिसात, दुकानात बसून काम असेल तर दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा.

झोप, ताण, गोळ्या

सात तास झोप. रात्री मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, दिवसा सारखी पेंग, असं असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या, त्याने बीपी गोळ्यांनाही दाद देत नाही. हॉटेल-कॅसिनोत रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसा खोली पूर्ण अंधारी करून सलग झोप घ्यावी. ताणाबद्दल मी एवढंच सांगेन की एकटं राहू नका. भजनाला जा, नाटकाच्या तालमीला जा, गावात आपल्याकडे हे सगळं आहे.

गोळ्यांबद्दल मात्र ठाम सांगते. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या), बीपीच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या 'आता रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून बंद करायच्या नसतात, रिपोर्ट गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या अचानक थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. अंगदुखी वाटली, पोट बिघडलं, तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतात. आणि ज्यांना हृदयविकार नाही त्यांनी आपल्या मनाने रोजची ॲस्पिरिन सुरू करू नये, रक्तस्रावाचा धोका असतो.

एवढं करूनही अटॅक आला तर

छातीच्या मधोमध दाब, जडपणा, जळजळ, ते दुखणं जबडा, मान, पाठ किंवा हातात जाणं, घाम, दम, मळमळ. बायकांना आणि डायबेटिसवाल्यांना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, प्रचंड थकवा येतो, मळमळतं. ॲसिडिटीची गोळी देऊन वाट बघत बसू नका, आम्ही बसलो होतो.

लगेच १०८. स्वतः गाडी चालवत किंवा बाईकवर बसवून नेऊ नका. शुद्धीत असेल, ॲलर्जी नसेल, रक्तस्रावाचा त्रास नसेल तर १०८ वाले सांगतील त्याप्रमाणे ३०० मिलीग्रॅमची ॲस्पिरिन चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) दुसऱ्या कुणाची आणून देऊ नका, बीपी एकदम खाली जाऊ शकतं. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रात ईसीजी काढून तो तज्ज्ञांना पाठवायची आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायची सोय झालीय, म्हणून मोठं हॉस्पिटल लांब आहे म्हणून थांबू नका. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटीमीटर खोल, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू नका, थकलात तर दुसऱ्याला लावा.

आमच्या दाराच्या मागे आता एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली असते. त्यात जुना ईसीजी, डिस्चार्जचा कागद, चालू गोळ्यांची यादी, आधार कार्डाची झेरॉक्स. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात १०८, खाली घराचा पूर्ण पत्ता, जवळच्या देवळाची खूण, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता नीट सांगता येत नाही हे आम्हाला त्या पहाटे कळलं. पत्ता लिहायला मुलाने मार्कर आणला होता, सासूबाईंनी त्याच्याकडून खाली अजून एक ओळ लिहून घेतली: फाटक उघडा, बाहेरचा दिवा लावा, कुत्रा बांधा.